सावलीच्या बाजूच्या मेंढ्या

२१ जुलै, रविवार

दुपारी ऐन हिवाळ्यातला बर्फाळ दक्षिणवारा पडला आणि आभाळ उघडलं. बाबा दुर्बीण घेऊन शेडच्या छपरावर चढले ते बराच वेळ उतरलेच नाहीत. उतरले तेव्हा एवढंच म्हणाले, "कुंपण गेलं."

गेलं म्हणजे मोडलं नाही, बुडालं. खिंडीतलं तारेचं कुंपण पहिल्या बर्फात पुरतं गाडलं गेलं आणि आमच्या गाभण मेंढ्या त्याच्यावरून चालत पलीकडे उतरल्या. मग दुसरं बर्फ आलं, छातीएवढं. आता त्या सावलीच्या बाजूच्या खोऱ्यात अडकल्या आहेत. तिथे ऑगस्ट सरेपर्यंत ऊन पोचत नाही.

मेंढ्या आमच्या नाहीत. हे चराईचं रान मालकीणबाईंचं, त्या शहरात राहतात, आणि बाबा त्यांचे व्यवस्थापक. पण या मेंढ्यांच्या आया, आज्या, पणज्या बाबांनी एकेक करून निवडल्या आहेत. मालकीणबाईंनी मागच्या वर्षीच बजावलं होतं की पुन्हा असा फटका बसला तर त्या रान सोडून देतील. रान गेलं की व्यवस्थापकाचं घरही गेलं. याच घराच्या स्वयंपाकघरात माझा जन्म झाला, कारण त्या रात्रीसुद्धा रस्ता बंद होता.

दोन गडी हिवाळ्यासाठी खाली निघून गेले आहेत, तिसऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे. हेलिकॉप्टर मिळत नाही, सगळीकडे हीच परिस्थिती. उरले बाबा आणि होआनीकाका. मेंढ्या हाकायच्या प्रत्येक हंगामात होआनीकाका समुद्राकडून इथे येतात, आणि या वेळी रेडिओवर बर्फाची बातमी ऐकून न बोलावता आले. वाट तुडवायला निदान तीन माणसं लागतात. मी म्हणाले, तिसरी मी.

बाबा दुर्बिणीची काच पुसत राहिले. मेंढपाळांच्या तळावर बाईमाणूस कधी गेलेलं नाही. पण वरची झोपडी वसंतात हिमलोटाने नेली, म्हणजे तंबूत राहावं लागणार. आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीत तंबूत राहायला या घरात कुणी शिकलं असेल तर ती मी. विद्यापीठात चार हिवाळे मी गिर्यारोहण मंडळाबरोबर बर्फात काढले आहेत.

संध्याकाळभर सामान काढलं. दुहेरी कापडाचे दोन तंबू, स्टोव्ह, रॉकेल, फावडी, अंथरुणाखाली घालायला मेंढीची कातडी, ओट, साखर, चरबी, मटण, आणि लोकरीचे मोजे, जेवढे घरात होते तेवढे सगळे. बाबांसाठी मी रबरी तळाचे, आत लोकर असलेले बूट काढून ठेवले होते. त्यांनी ते उचलले, वास घेतला आणि परत ठेवले. "खिळे नसलेला बूट म्हणजे चप्पल," म्हणाले.

आई भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बायकांना वर नेत नाहीत ते बायका दमतात म्हणून नव्हे. माणसाला कधीतरी कण्हायला जागा लागते. तुझ्यासमोर तुझा बाप कण्हणार नाही."

मी म्हणाले, "तयारी नीट असली तर कण्हायची वेळच येत नाही, आई."

२३ जुलै, मंगळवार

तळ पडला. शेजारच्या क्लॅरीने ट्रॅक्टरने नदीकाठच्या सपाटीपर्यंत सोडलं. पुढच्या मंगळवारी तो तिथल्या घोड्यांसाठी वाळलं गवत घेऊन येईल. सपाटीपासून वर खोऱ्याच्या तळापर्यंत सामान पाठीवर. झोपडीचे पन्हाळी पत्रे अजून बर्फातून डोकावतात.

पेन्सिलीने लिहिते आहे, शाई गोठली.

तंबूसाठी मी जागा दाखवली: कड्यापासून लांब, ओढ्याच्या वर. बर्फ तुडवून सपाट केलं, भोवती बर्फाची भिंत रचली, दार वाऱ्याच्या उलट बाजूला. गवताचे झुबके खणून काढून खाली पसरले, त्यावर कातडी. होआनीकाका कमरेवर हात ठेवून बघत होते.

"डूगल, तुझ्या पोरीने हॉटेल काढलं की रे. आंघोळीचं पाणी कधी येणार, प्रोफेसरीणबाई?"

"बूट काढून आत घ्या, काका. स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवायचे, नाहीतर सकाळी लोखंड होतील."

"बूट घेऊन झोपायचं? माझ्या बायकोने इतकी वर्षं मला बाहेर काढलं त्याच कारणासाठी."

त्यांनी बरोबर एक बादली आणली आहे. समुद्रपक्ष्यांची खारवलेली पिल्लं, त्यांच्याच चरबीत मुरलेली. वास असा की कुत्रेही क्षणभर विचारात पडतात. पण खाल्ल्यावर पोटात चूल पेटल्यासारखं वाटलं.

बाबांनी दुर्बिणीतून कळप दाखवला. खूप वर, एका सपाट पायरीवर, राखाडी ठिपक्यांचा पुंजका. त्यांच्या वर खिंड, खिंडीपलीकडे ऊन. मी विचारलं, खाली का आणायच्या नाहीत? उतार तर खालीच आहे.

"मेरिनो जातीची मेंढी घाबरली की वर जाते," बाबा म्हणाले. "बर्फात तर ती खाली उतरतच नाही. तिला वरच न्यावं लागतं."

२४ जुलै, बुधवार

आज वाट तुडवायला सुरुवात केली. पहिला माणूस छातीने बर्फ फोडतो, दुसरा ते पायांनी दाबतो आणि तिसरा खिळ्यांच्या बुटांनी ठेचून घट्ट करतो. रात्रीत ते गोठलं की मेंढीचा खूर पेलेल अशी वाट तयार होते, एका मेंढीपुरती. फोडणारा दमला की मागे जातो. पण तिसरी जागा बाबांचीच, कारण खिळे त्यांच्याच बुटांना आहेत. होआनीकाकांनी बुटांवर गोणपाट गुंडाळलं आहे, चालताना ते अस्वलासारखे दिसतात.

सकाळी ओढा ओलांडताना वरचं बर्फ खचलं आणि बाबा गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले. मी लगेच म्हणाले, तंबूत परत जाऊ, मोजे बदला. ते म्हणाले, "उजेड कशाला वाया घालवायचा? आत पाणी गेलंच नाही, वरच्यावर ओलं झालंय." आणि पुढे निघाले.

संध्याकाळी मंडळाचा नियम पाळला: झोपण्याआधी एकमेकांचे पाय तपासायचे. काकांचे मी पाहिले, माझे काकांनी. बाबा म्हणाले, "माझे पाय तुझ्या आईनेसुद्धा लग्नानंतर वर्षभराने पाहिले." होआनीकाका इतके हसले की तंबूच्या कापडावरचं सगळं हिव आमच्या अंगावर पडलं.

खिळे थंडी आत ओढतात, हे मला ठाऊक आहे. बाबा दुसरे बूट घालणार नाहीत, हेही ठाऊक आहे. म्हणून मी घरून आणलेल्या, खोगिराखालच्या दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याचे तुकडे कापले आणि त्यांच्या बुटांत तळाला दोन थर बसवले. बूट चढवताना त्यांना बराच जोर लावावा लागला. पण "बसले की," म्हणाले. मला फार बरं वाटलं. त्यांच्यासाठी मी काहीतरी केलं आणि त्यांनी ते घालून घेतलं, असं सहसा होत नाही.

२५ जुलै, गुरुवार

वादळ. दिवसभर तंबूतच. दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन कापडावरचं बर्फ झाडायचं, परत आत यायचं. रात्री बाबा झोपेत कण्हत होते, पाय पोटाशी घेतले होते. जागे असताना मात्र सारखे बाहेर जातात, कुत्र्यांना बघायला. टिंकर आणि नेल त्यांच्या बर्फाच्या खळग्यात मजेत आहेत, त्यांना कुणी बघायची गरज नाही.

मेंढ्यांचा विचार येतो. वर आडोसा नाही.

२७ जुलै, शनिवार

आज कळपापर्यंत पोचलो.

लिहू की नको, कळत नाही. पायरीवर त्यांनी आपल्याच अंगांनी एक मेंढवाडा केला होता. कडेच्या मेलेल्या, मधल्या जिवंत. मेलेल्या उभ्याच्या उभ्या गोठलेल्या, आणि त्यांच्या आडोशाने बाकीच्या तगलेल्या. जिवंतांनी एकमेकींच्या पाठीवरची लोकर खाल्ली आहे. डोंगरातले किआ पोपट येऊन बसले होते, हिरवे, गुबगुबीत. एका जिवंत मेंढीच्या पाठीत भोक पाडून चरबी खात होते. ती हलतसुद्धा नव्हती. मी फावडं घेऊन ओरडत धावले. ते थोडे लांब उडाले आणि माझ्याकडे मान वाकडी करून बघत राहिले.

"रडू नको, रडशील तर पापण्या चिकटतील," होआनीकाका म्हणाले. त्यांचे स्वतःचे डोळे लाल होते.

बाबांनी प्रत्येक मेंढीच्या पोटाखाली हात घालून पाहिलं. "कोकरू हलतंय," म्हणायचे आणि पुढच्या मेंढीकडे वळायचे. लोकरीला लटकलेले बर्फाचे गोळे आम्ही कात्रीने कापून काढले, त्याशिवाय त्यांना पाऊल उचलता येईना. दुपारी पायरीवरून वर खिंडीच्या दिशेने थोडी वाट झाली. नेलने एक म्हातारी मेंढी काढून वाटेला लावली. नेल भुंकत नाही, नुसती पोटावर सरकत जाऊन बघते, आणि तेवढ्याने मेंढी निघते. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, एका ओळीत. मला वाटलं, आता झालंच.

बाबांचं कण्हणं कालपासून थांबलं आहे. पायही दुखत नाहीत म्हणाले, अजिबात नाहीत. नमदा कामाला आला.

परत येताना एक गंमत झाली. तंबूच्या दोरीत बाबांचा पाय अडकला आणि ते तोंडावर आपटले. मागे वळून म्हणाले, "कुणी ओढलं?" पाय अडकल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. आम्ही दोघा-तिघांनी, म्हणजे मी, काका आणि शेवटी बाबांनीही, पोट धरून हसून घेतलं. या आठवड्यात पहिल्यांदाच.

त्यांचे कोरडे मोजे त्यांनी मला दिले. "माझ्याकडे आहेत," म्हणाले.

२८ जुलै, रविवार

रात्रीच्या वाऱ्याने वरची वाट बुजवून टाकली. काल ज्या मेंढ्या वाटेवर होत्या त्या पायरीवर परत आल्या आहेत, काही आल्या नाहीत. पुन्हा पहिल्यापासून तुडवायला लागलो. अर्धा दिवस गेला आणि कालच्या जागेवरही पोचलो नाही.

तळ वर हलवायची कल्पना बाबांची. रोजची चढउतार वाचेल म्हणाले. म्हणून एक तंबू आणि झोपडीचा एक पत्रा वाऱ्याच्या आडोशाला घेऊन पायरीवर आलो. आता मेंढ्यांच्या शेजारीच झोपतो. त्यांचे श्वास ऐकू येतात.

मी बाबांवर चिडले आहे, ते इथे लिहून ठेवते. ते मागे रेंगाळतात. काठीवर रेलून उभे राहतात. चालतात ते प्यायलेल्या माणसासारखे, पाऊल उंच उचलून धपकन टाकतात, खाली न बघता टाकतच नाहीत. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही दमला असाल तर बसा, आम्ही दोघं करू." ते म्हणाले, "दमलो नाही." मी म्हणाले, "मग चला ना!" असं मी त्यांच्याशी आयुष्यात कधी बोलले नव्हते. होआनीकाकांनी माझ्याकडे पाहिलं.

कदाचित बाबांची उमेद संपली असेल. मी किती पुस्तकं वाचली, किती तयारी केली, पण उमेदीची तयारी कशी करतात ते मला येत नाही.

२९ जुलै, सोमवार

संध्याकाळी तंबूत चहा उकळत होता. दार थोडं उघडं, धूर कोंडू नये म्हणून. बाबा बूट घालूनच बसले होते, पाय स्टोव्हकडे करून. मला जळका वास आला. वाटलं, गोणपाट. पाहिलं तर बाबांच्या बुटाचं चामडं स्टोव्हला टेकून धुमसत होतं. ते चहाकडे बघत बसले होते.

मी पाय ओढून बाजूला केला. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

मग मी लेस कापली. ते नको नको म्हणत होते, पण होआनीकाकांनी त्यांचे खांदे धरले. मोजा चिकटला होता. खाली पाऊल मेणबत्तीसारखं, पांढरं-पिवळं आणि कडक. माझं नख लागलं तर लाकडावर लागल्यासारखा आवाज आला. दुसरंही तसंच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ओढ्यापासून असेल."

"रोज विचारत होते मी तुम्हाला! रोज!"

"सांगितलं असतं तर तू मला खाली नेलं असतंस."

होआनीकाकांनी बुटांत हात घालून पाय आवळून बसलेले नमद्याचे थर उपसून काढले. हातात धरून एकदा दाबून पाहिले, माझ्याकडे एक नजर टाकली आणि दाराबाहेर लांब अंधारात भिरकावून दिले. मी म्हणाले, चांगला नमदा आहे तो, का टाकता? "भिजला होता," ते म्हणाले. मला काही तो ओला वाटला नव्हता.

मी स्टोव्हवर पाणी ठेवायला उठले तर बाबांनी मनगट धरलं.

"तापवायचे नाहीत. गोठलेल्या पायांवर माणूस चालू शकतो, पोरी. ऊब लागून सुटलेल्या पायांवर नाही. मी दोन दिवस याच हिशेबाने चालतोय."

त्यांचं खरं आहे, मंडळातही हेच शिकवतात. इथे तापवले आणि पुन्हा गोठले तर पाय गेलेच. म्हणजे एकतर तसेच ठेवून आत्ताच्या आत्ता खाली न्यायचे, नाहीतर…

"उद्याचा एकच दिवस," बाबा म्हणाले. "खिंड आता दिसते आहे. उद्या वाट फुटली की मेंढ्या उन्हात. मग ने मला कुठे न्यायचं तिथे."

"काल पण उद्याच म्हणत होतो आपण."

"मोराग," त्यांनी मला नावाने हटकलं.

"उजाडलं की खाली जायचं. पत्र्यावर बांधून नेऊ."

"आणि या?"

बाहेर एक मेंढी खोकली.

"तुला कुणी विचारलं?" बाबा ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "इथला मुख्य मी आहे!"

होआनीकाका सावकाश म्हणाले, "असशील, डूगल. पण ओढणार आम्ही दोघं. ज्याच्या खांद्यावर दोर त्याचा शब्द. आणि तू जाडा आहेस, म्हाताऱ्या, तेव्हा जरा गोड बोल."

बाबा हसले नाहीत. मला म्हणाले, "तू तुझ्या आईचं घर घालवलंस." मग बॅगेत शिरून त्यांनी तोंड झाकून घेतलं. थोड्या वेळाने बॅग हलायला लागली. मी बाहेर जाऊन कुत्र्यांजवळ बसले.

३० जुलै, मंगळवार

उजाडतं आहे. निघतो. आज क्लॅरी सपाटीवर येणार.

मेंढ्या तंबूभोवती उभ्या आहेत आणि आमच्याकडे बघताहेत. शनिवारी ज्या म्हातारीचे बर्फाचे गोळे मी कापले ती अगदी दारात आहे. मी तिच्याकडे बघत नाही.

१ ऑगस्ट, गुरुवार. गावातलं रुग्णालय

आई आत बसली आहे. मी बाहेर बाकावर. नीट सगळं लिहायचं आहे, क्रमाने.

पत्र्याची पुढची कड वाकवली, त्यावर कातडी, कातड्यांवर बाबा, एकात एक घातलेल्या दोन स्लीपिंग बॅगांत. पाय उंच राहावेत आणि बर्फ लागू नये म्हणून पाय चढाकडे केले, डोकं उताराकडे. म्हणजे बाबांचं तोंड मागे, ज्या पायरीवरून आम्ही निघालो तिच्याकडे. होआनीकाका पुढे, टिंकरला कमरेला बांधून, फावड्याने बर्फ चाचपत आणि पत्रा ओढत. मी मागे, पत्रा सुसाट सुटू नये म्हणून कमरेला दोर बांधून, टाचा रोवत.

निघताना बाबांनी नेलला जवळ बोलावलं. ओठ फाटल्यामुळे त्यांना शीळ घालता येईना. तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. ती पळत वर मेंढ्यांकडे गेली आणि परत आली नाही. मला वाटलं, त्यांनी तिला मेंढ्यांबरोबर मरायला ठेवलं. मी कमरेचा दोर आवळला.

पत्र्याला आणि बाबांना मिळून चांगलंच वजन होतं. त्याखाली बर्फ दबून एक गुळगुळीत घळ पडत होती. वारा कानात शिरत होता. टोपी डोळ्यांपर्यंत ओढली होती, मला दिसत होतं ते फक्त बाबांचं तोंड. ते माझ्याकडे बघत होते आणि मला बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी त्यांची नजर लागली होती आणि ओठ हलत होते.

"तीन," ते म्हणाले. "तीन. तीन. तीन."

मला मंडळातलं आठवलं: थंडी डोक्यात शिरली की माणूस बरळायला लागतो. मी ओरडून म्हणाले, "बाबा, माझं नाव सांगा! माझं नाव काय?"

"गप्प बस," ते म्हणाले. "तीन. तीन."

मी होआनीकाकांना हाका मारल्या, पण वारा त्यांच्याकडून माझ्याकडे होता. थांबावं तर उतार असा की थांबणं शक्य नाही. बाबांचं भान गेलं, आता ते जातील, आणि जाताना त्यांच्या मनात मी आईचं घर घालवणारी आहे, एवढंच राहील, असं वाटत होतं. ओढ्याच्या वरच्या कड्यापाशी माझी टाच सुटली. मी पाठीवर पडले, पत्रा मला घेऊन निघाला. दोर कमरेत रुतला. दोन्ही हातांनी दोर धरला आणि बुटांच्या कडा बर्फात घातल्या. कशाने थांबलो ते मला माहीत नाही, पण थांबलो. बाबा मोजायचे थांबले होते. डोळे मोठे करून बघत होते. मी म्हणाले, "आहे मी, आहे."

दुपार कलताना सपाटीवर आलो. क्लॅरी ट्रॅक्टरवरून उतरून आमच्याकडे धावत आला आणि मध्येच थांबला. त्याने टोपी काढली. "अरे देवा, डूगल," म्हणाला, "खाली कशा काय उतरवल्यास?"

मी वळून पाहिलं.

आमच्या पत्र्याच्या घळीतून, पार वरच्या वळणापासून, एकामागे एक मेंढ्या उतरत होत्या. माना खाली घातलेल्या, आवाज न करता. सगळ्यात मागे, पोटावर सरकत, नेल. सगळ्या नाही आल्या. ओळ जितकी लांब होती त्याहून वर राहिल्या त्या जास्त असतील. पण ज्या आल्या त्या थेट क्लॅरीच्या गवतावर तुटून पडल्या. होआनीकाका गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी बाबांजवळ गेले. ते बेशुद्ध नव्हते. ते आभाळाकडे बघत होते.

डॉक्टर म्हणतात, बोटं तर जातीलच. त्याहून किती जाईल ते कातडी कुठवर काळी पडते त्यावर ठरेल, त्याला कित्येक आठवडे लागतात, तोवर काही सांगता येणार नाही. मालकीणबाईंचा निरोप अजून नाही. आई म्हणाली, आला तरी आज ऐकायचा नाही.

आत्ता मी आत जाऊन आले. पायांवर लोखंडी कमान ठेवली आहे, पांघरूण पायांना लागू नये म्हणून. पाय आता सुटले आहेत, आणि बाबा कण्हत होते, मोठ्याने, माझ्यासमोर. मी खुर्ची ओढून बसले.

मग मी विचारलं, "किती आल्या, बाबा?"

"माहीत नाही. मोजणी चुकली."

बाबांची मोजणी चुकलेली मी कधी ऐकलेली नाही. फाटकातून कळप धावत असतानासुद्धा नाही.

"कुठे चुकली?"

"कड्यापाशी. तू पडलीस तिथे." त्यांनी डोळे मिटून घेतले. "मग मी मेंढ्यांकडे बघितलंच नाही."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. थोड्या वेळाने, डोळे न उघडता, ते म्हणाले, "उद्या क्लॅरीकडे जा आणि मोज. तीन-तीनने मोजायच्या, घाई करायची नाही. आणि बर्फ उतरलं की वर जा. वर राहिल्या त्याही मोज."